मापसाहेबांचे चाळीस शेअर

मापसाहेबांना कुणी जुगारी म्हणेल असं त्यांच्या वैऱ्यालाही कधी वाटलं नसतं. आणि वैरी काय कमी होते! वजनमापे खात्यात सव्वीस वर्षं निरीक्षक म्हणून काढलेल्या माणसाला वैरी जमवावे लागत नाहीत, ते आपापले येऊन जमतात. मापसाहेब बाजारात शिरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत दुकानदार तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेलं मेण नखाने खरवडायला लागत. त्यांचं खरं नाव इमारतीच्या पाटीवर होतं, पण पाटी जिन्याच्या अंधाऱ्या बाजूला होती, त्यामुळे ते कुणी वाचलं नव्हतं. सगळे मापसाहेबच म्हणत. बायकोसुद्धा चिडली की म्हणे.

बायको पोस्टात खिडकीवर बसायची. पंचवीस वर्षांपूर्वी मापसाहेब त्या पोस्टातला काटा तपासायला गेले, तो पाच ग्रॅम जास्त दाखवतो म्हणून त्यांनी जप्त केला, आणि खिडकीमागच्या मुलीने "मग आता मी पाकिटं काय तळहातावर तोलू?" असं विचारलं. तिथून जमलं. लग्नानंतर तिने पुन्हा कधी त्यांच्यापुढे आवाज चढवला नाही. तिला गरजच पडली नाही.

तर असा हा मोजूनमापून चालणारा माणूस शेअरबाजारात उतरला. उतरला कसला, धडाक्याने आत घुसला. आणि ते का, हे सांगायचं तर आधी त्यांच्या वडिलांचं सांगावं लागेल.

वडिलांनी चौतीस वर्षं शहरातली बस चालवली. एक अपघात नाही, एक तक्रार नाही. निवृत्तीनंतर डोळे अधू झाले, लायसन गेलं. मग पाठोपाठ मापसाहेबांची आई गेली. त्यानंतर म्हातारा बाल्कनीत जो बसला तो बसलाच. दिवसभरात चार शब्द बोलायचा, त्यातले दोन बसचे नंबर असायचे. "चार नंबर. सहा मिनिटं लेट." एवढं बोलून पुन्हा गप्प. सुनेने वर्तमानपत्र वाचून दाखवून पाहिलं, मापसाहेबांनी सकाळी फिरायला नेऊन पाहिलं. काही उपयोग झाला नाही.

त्यांच्या इमारतीत तळमजल्यावर गेमचं एक दुकान होतं. मोठ्या कंपनीचं होतं हो, अशी चारशे दुकानं होती म्हणे. पण आता गेम घरबसल्या फोनवर उतरतात, दुकानात जाऊन डबी विकत कोण घेतो? दुकान चालवणारी बाई एकटीच होती, तिशीतली, कंपनीची पगारी. दिवसभर डब्यांवरची धूळ पुसायची आणि दाराकडे बघायची. दुकानाच्या कोपऱ्यात एक शर्यतीचं मशीन होतं. समोर पडदा, शेजारी शेजारी दोन खुर्च्या, प्रत्येकीला स्टिअरिंग, गिअरचा दांडा, हँडब्रेक आणि पायाशी पेडल. एक टोकन घ्या, एक शर्यत खेळा.

एका दुपारी म्हातारा औषध घेऊन परत येत होता. बाईने सहज हाक मारली, "आजोबा, बसून बघता का? टोकन माझ्याकडून."

आजोबा बसले. त्यांनी आधी आरसा कुठे आहे विचारलं. मग सीट पुढे घेतली. मग दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ते थोडा वेळ नुसतेच बसले, आणि बाई म्हणते, त्यांचे डोळे भरून आले होते. बाकीच्या सात गाड्या केव्हाच सुसाट सुटल्या होत्या. आजोबांनी मागे बघितलं, उजवा इंडिकेटर शोधला, मिळाला नाही म्हणून खिडकीतून काढावा तसा हात काढला, आणि मग गाडी हलवली.

पहिल्याच लाल सिग्नलला ते थांबले.

शर्यतीच्या गेममध्ये सिग्नल असतात ते शोभेला. आजवर जगात कुणी त्यांच्याकडे बघितलं नव्हतं. आजोबा प्रत्येक सिग्नलला थांबले. रस्त्याकडेला एक म्हातारी काढली होती, तीही शोभेलाच. ती ओलांडेल म्हणून वाट बघितली. जिथे जिथे बसथांबा काढला होता तिथे तिथे गाडी कडेला घेऊन पंधरा सेकंद थांबले. हा गेम बनवणाऱ्याने एक चूक करून ठेवली होती, शेवटची गाडी पोचल्याशिवाय शर्यत संपतच नसे. असा ड्रायव्हर आपल्या गेमला मिळेल असं त्या बिचाऱ्याला स्वप्नातही वाटलं नसेल. बाकीच्या गाड्या पाव तासात पोचल्या. आजोबा पावणेदोन तासांनी पोचले. आठवा नंबर.

"शेवटचे आलात, आजोबा," बाई हसत म्हणाली.

"आलो ना?" आजोबा म्हणाले. "चौतीस वर्षं मी पोचवलंय सगळ्यांना. पहिला यायला मी काय चोर आहे?"

त्या दिवसापासून रोज साडेतीनला इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून म्हातारा खाली उतरू लागला. रात्री जेवताना बोलू लागला. कुठल्या वळणावर खड्डा आहे, कोण कट मारून गेला, सगळं. मापसाहेब भाकरी तशीच हातात धरून ऐकत बसायचे.

आणि मग एक दिवस बाईने मापसाहेबांना जिन्यात गाठलं. "काका, आजोबांना सांगू नका. कंपनी दोनशे दुकानं बंद करणार आहे. आपलं त्यात आहे."

मापसाहेबांना पुन्हा ती बाल्कनी दिसली. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

नेमका रविवारी मेहुणा टपकला. बायकोचा धाकटा भाऊ, तीन धंदे करून झालेले, चौथ्याच्या शोधात. तो फोन नाचवत आत आला. "भाऊजी, तुमच्या खालच्या दुकानाची कंपनी! धुमाकूळ चाललाय! लाखो लोक तिचे शेअर घेतायत!"

"बुडत्या कंपनीचे?"

"म्हणूनच तर! बड्या बड्या लोकांनी पैज लावलीय की ही बुडणार. त्यांनी शेअर उसने घेतले आणि विकून टाकले. भाव पडला की स्वस्तात घेऊन परत करायचे, मधला फायदा खिशात. पण आपण सगळ्यांनी मिळून भाव चढवला, की त्यांनाच महागात घ्यावे लागतील. बोंबलतील!"

मापसाहेबांनी चष्मा काढला. "थांब जरा. म्हणजे त्यांच्याकडे माल नाही."

"नाही."

"आणि नसलेला माल त्यांनी विकला."

"हो, त्याला म्हणतात..."

"त्याला काय म्हणतात ते मला नको सांगू!" मापसाहेब ताडकन उठले. "माझ्या बाजारात एखाद्याने नसलेली साखर विकली असती तर मी त्याचं दुकान सील केलं असतं! आणि वर ती दुकानं बुडावीत म्हणून देव पाण्यात घालून बसलेत? त्या बाईचं दुकान? बाबांचं दुकान?"

"अहो, हळू. बाबा झोपलेत," बायको म्हणाली.

"घेणार," मापसाहेब हळू आवाजात गरजले. "मी शेअर घेणार. आणि घेतले की विकणार नाही. बघू कुठून आणतात माल."

आता इतक्या तडफेने उठलेल्या माणसाला शेअर मिळायला किती वेळ लागावा? सोळा दिवस लागले. आधी खातं उघडायचं. ते फोनवर उघडतं, दोन मिनिटांत, असं मेहुणा म्हणाला. फोनने मापसाहेबांना चेहरा दाखवायला सांगितला. दाखवला. मग फोन म्हणाला, पापण्या मिटा. मापसाहेब सव्वीस वर्षं दुकानदारांच्या डोळ्याला डोळा भिडवून उभे राहिलेले. कुणी सांगितलं म्हणून पापणी लववायची त्यांना सवय नव्हती. "मी जिवंत आहे याचा पुरावा मी या डबड्याला देणार नाही," ते म्हणाले. फोनने त्यांना तीनदा मृत ठरवलं. चौथ्या वेळी बायकोने मागून कानाजवळ टाळी वाजवली, तेव्हा जमलं.

मग सही. बँकेतली सही नोकरीला लागले त्या वर्षीची, डौलदार, खाली दोन रेघा मारलेली. सव्वीस वर्षं रोज शंभर दाखल्यांवर सह्या ठोकून त्या सहीचा आता किडा झाला होता. बँकेतला कारकून म्हणाला, "ही तुमची सही नाही."

"मग कोणाची आहे?"

"ते तुम्हीच सांगा."

माणसाला स्वतःची सही स्वतः खोटी केल्याच्या संशयावरून खुर्चीत बसवून ठेवतात, हे मापसाहेबांना त्या दिवशी कळलं. शेवटी ते घरी आले, लग्नाच्या वेळची कागदपत्रं काढली, आणि आठवडाभर वहीत जुनी सही गिरवली. बायकोने तीन पानं तपासून दिली. नवव्या दिवशी बँकेने मान्य केलं की मापसाहेब हे मापसाहेबच आहेत.

चाळीस शेअर आले. मापसाहेबांनी ते मोजले. फोनमध्ये मोजण्यासारखं काही नव्हतं, तरी मोजले.

अशी गोष्ट इमारतीत लपते होय? मेहुणा जाता जाता लिफ्टमध्ये बोलला. दुसऱ्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर पेशंटचं तोंड उघडं ठेवून मापसाहेबांना भेटायला आले. "तुमच्यासारखा माणूस घेतोय म्हणजे काहीतरी आतली माहिती असणार!" मापसाहेब म्हणाले, आतली बाहेरची काही नाही, हा तत्त्वाचा प्रश्न आहे. डॉक्टरांनी डोळा मारला. तत्त्व म्हणतोय म्हणजे माहिती पक्की, असा त्याचा अर्थ इमारतीने लावला, आणि आठवड्याभरात सतरा घरांतून शेअर घेतले गेले. सोसायटीच्या सेक्रेटरींनी शंभर घेतले.

सेक्रेटरी ही काय चीज आहे ते सांगायलाच हवं. दुकानाची जागा सोसायटीच्या मालकीची. तिचा भाडेकरार सेक्रेटरींनी स्वतः लिहिलेला, सतरा कलमांचा. कलम चार, दुकानासमोर कुत्रं बांधू नये. कलम नऊ, पायपुसणं तपकिरीच असावं. कलम अकरा, जागा सोडायची झाल्यास वर्षाच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आत चावी सेक्रेटरींच्या टेबलावर जमा करावी, अन्यथा करार आणखी अकरा महिने चालू राहील. लोक या कलमांवर हसायचे. कंपनीने न वाचता सही करून पाठवला होता. त्याची रजिस्टर प्रत मापसाहेबांच्या बायकोनेच पोस्टाच्या खिडकीवर तोलली होती.

भाव चढला. दुप्पट, चौपट, आठपट. आणि सगळी इमारत आपल्या मालकीचं दुकान बघायला खाली उतरली. सकाळी दहापासून गर्दी! डॉक्टर डब्या उलट्यासुलट्या करून बघायचे. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी पडदे बदलायला सांगितलं. भागधारक म्हणून तेवढा हक्क आहे म्हणाल्या. सेक्रेटरींनी खुर्ची टाकून घेतली आणि येणाऱ्या खऱ्याखुऱ्या गिऱ्हाइकाला "काय काम आहे?" असं विचारून परत पाठवलं. "छत्र्यापण ठेवा," एकजण म्हणाला. "गेमशेजारी छत्र्या चांगल्या खपतात."

आठ दिवस बाईने ऐकून घेतलं. नवव्या दिवशी तिने झाडणी खाली टाकली. "काका, काकू, भाव आठपट झाला ना तुमचा? माझा गल्ला बघा. दिवसाला एकच टोकन खपतं, आजोबांचं! तुम्ही सतरा घरं मालक झालात, पण एकाने एक डबी विकत घेतलीत का?"

भागधारकांना फार अपमान वाटला. मापसाहेबांना तर जास्तच, कारण खरं होतं. त्यांनी तिथल्या तिथे एक डबी घ्यायला हात पुढे केला, पण तिच्यावर वजन लिहिलेलं नव्हतं, आणि वजन न लिहिलेलं पाकीट विकत घेणं त्यांच्या बोटांना जमेना.

आजोबा मात्र कोपऱ्यात आपली गाडी चालवत होते. "दारात गर्दी करू नका," ते मागे न बघता म्हणाले. "पुढे सरका, आत जागा आहे."

आणि एका सकाळी फोनमधलं 'खरेदी' हे बटण मेलं. दाबलं तरी हलेना. 'विक्री' मात्र टुणटुणीत. दलालाच्या कंपनीने निरोप पाठवला होता, खरेदी काही काळ बंद, गैरसोयीबद्दल क्षमस्व.

"म्हणजे विकता येतं, पण घेता येत नाही?" मापसाहेबांनी मेहुण्याला फोनवर विचारलं.

"हो भाऊजी. त्यामुळे भाव धाडकन पडणार."

मापसाहेबांच्या डोळ्यांपुढे तराजू उभा राहिला. एका पारड्यावर बोट ठेवून उभा असलेला दुकानदार त्यांनी सव्वीस वर्षांत हजारदा पकडला होता. हे तेच होतं, फक्त बोट मोठं होतं. त्यांनी सरकारी पिशवी उचलली, त्यात शिक्का, पंचनाम्याचे कागद आणि सील करायची लाख घेतली, पंच म्हणून वडिलांना घेतलं, आणि ते दलालाच्या कचेरीत गेले. काचेचं दार, आत गार हवा, आणि टेबलामागे इतका विनम्र तरुण की त्याला चिडावं तरी कुठून, कळेना.

"सर, ते वरून बंद झालंय."

"वर म्हणजे कुठल्या मजल्यावर?"

"तसं वर नाही सर. सिस्टिममधून."

"त्या सिस्टिमला खाली बोलवा."

तरुणाने पाणी दिलं, एक फॉर्म दिला, आणि सात दिवसांत उत्तर येईल म्हणाला. मापसाहेबांनी चहूकडे बघितलं. इथे तराजू नव्हता, वजन नव्हतं, लिटर नव्हता, गज नव्हता. एवढं मोठं कमी माप, आणि शिक्का मारायला जागा नाही! त्यांना इतकं हतबल कधी वाटलं नव्हतं.

"अरे, तो बघ," वडील म्हणाले.

कोपऱ्यात कुरिअरच्या टेबलावर पाकिटं तोलायचा छोटा काटा होता. मापसाहेब जवळ गेले, वाकले. त्यावरचा शिक्का दोन वर्षांपूर्वी संपला होता.

पुढचा पाऊण तास त्या कचेरीने जन्मभर आठवणीत ठेवला असेल. मापसाहेबांनी काटा जप्त केला. पंचनामा लिहिला. लाख वितळवली, त्या वासाने आगीचा भोंगा वाजला, सगळे जण जिना उतरून रस्त्यावर आले, आणि तिथे फुटपाथवर उभं राहून वडिलांनी पंच म्हणून सही केली, व्यवसायाच्या रकान्यात 'चालक' असं लिहून. मापसाहेब घरी येताना पोरासारखे हसत होते.

तिसऱ्या दिवशी वरिष्ठांनी बोलावलं. "तुमच्या हद्दीबाहेर, रजेच्या दिवशी, स्वतःच्या शेअरच्या रागापायी, वडिलांना पंच करून?"

"काट्यावरचा शिक्का संपलेला होता, साहेब."

"तो भाग बरोबर आहे," वरिष्ठ कष्टाने म्हणाले. मेमो मिळाला तो मिळालाच. सव्वीस वर्षांतला पहिला. बायकोने तो वाचला, घडी घातली, आणि लग्नाच्या फोटोच्या मागे खोचून ठेवला.

भाव पडला. जसा चढला त्याहून जोरात पडला. इमारतीत सगळ्यांनी विकले, मिळेल त्या भावाला, आणि मापसाहेबांशी बोलणं टाकलं. ज्यांनी आठपट झाल्यावर विकले नाहीत ते जास्त रागावले. डॉक्टरांनी त्यांची दाढ तपासायला नकार दिला. मापसाहेब समोर दिसले की सेक्रेटरी नोटीसबोर्ड वाचायला लागत, बोर्ड रिकामा असला तरी. सेक्रेटरींचे शंभर मात्र अडकून राहिले होते. विकायला मन होईना. मापसाहेबांचे चाळीस होतेच.

"विका की," मेहुणा म्हणाला. "थोडेफार येतील."

"मी नसलेला माल विकत नाही आणि असलेलाही विकत नाही. त्यांना काय करायचं ते करू दे!"

त्यांनी ते केलं. कंपनीचं पत्र आलं. वर्षाच्या शेवटच्या दिवशी दुकान बंद.

त्या दिवशी सकाळी लिफ्टमध्ये बायकोने सेक्रेटरींना विचारलं, "कलम अकरा अजून तसंच आहे ना हो?" सेक्रेटरी म्हणाले, त्यांनी लिहिलेलं कलम बदलत नसतं. मापसाहेब शेजारी उभे होते. बायकोला मध्येच कलमं कुठून आठवली, हे त्यांना कळलं नाही.

तीन वाजता कंपनीचा माणूस आला. टाय लावलेला, हातात यादी आणि कुलूप. त्याने डब्या मोजून खोक्यात भरल्या. साडेतीनला इस्त्रीच्या शर्टातले आजोबा आले. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यांनी टोकन घेतलं, सीट पुढे घेतली, आरसा बघितला. "सामान फार झालंय आज," खोक्यांकडे बघून एवढंच म्हणाले, आणि निघाले.

साडेचारला कंपनीच्या माणसाने यादी संपवली. "आजोबा, उठा. मशीन बंद करायचंय."

आणि मापसाहेब मध्ये उभे राहिले. त्यांचा आवाज सरकारी होता. "यांनी टोकन घेतलंय?"

"घेतलंय."

"एका टोकनाची एक शर्यत, असं तुमच्याच कंपनीने भिंतीवर लिहिलंय. अर्धी शर्यत देणार म्हणजे कमी माप. गिऱ्हाइकाला कमी माप देणं गुन्हा आहे. मी निरीक्षक आहे. ही माझी हद्द आहे. आज मी रजेवर नाही." त्यांनी पिशवीतून लाख काढून टेबलावर ठेवली. "पूर्ण माप द्या, मग कुलूप लावा."

माणसाने भिंत वाचली, मग लाख बघितली, आणि खोक्यावर बसला. कलम अकरा त्याला माहीत नव्हतं. मापसाहेबांना आत्ता, या क्षणी, लिफ्टमधलं आठवलं, आणि त्यांनी घड्याळाकडे बघितलं. आजोबांना पावणेदोन तास लागतात. सव्वापाच. पाऊण तास कमी पडत होता.

आयुष्यात पहिल्यांदा मापसाहेबांच्या मनात आलं की बाबांनी आज थोडी लबाडी करावी. पण हे बाबांना सांगायचं कसं? म्हाताऱ्याने चौतीस वर्षं गाडी वेळेआधी आणली नाही आणि वेळेनंतरही नाही. पाचला शेवटचं वळण आलं. पाच वाजून दहा मिनिटांनी अंतिम रेघ दिसायला लागली.

"एक टोकन," मागून आवाज आला.

बायको पोस्टातून तशीच आली होती, खांद्याला पर्स. तिने पैसे ठेवले, दुकानवालीने पावती फाडली, आणि मापसाहेबांची बायको आयुष्यात पहिल्यांदा स्टिअरिंगमागे बसली. दुसऱ्या खुर्चीवरची गाडी आयत्या वेळी शर्यतीत शिरू शकत होती. ती शिरली, ती थेट आजोबांच्या पुढे, अंतिम रेघेच्या वीस हात अलीकडे. तिने एक पेडल दाबलं, मग दुसरं, मग दोन्ही. गाडी गर्रकन फिरली, रस्त्यात आडवी झाली, आणि बंद पडली.

आजोबांनी ब्रेक लावला.

"बाबा, हॉर्न..." मापसाहेबांनी तोंड उघडलं आणि लगेच मिटलं.

"हॉर्न नाही मारायचा," आजोबा म्हणाले. "शिकाऊ माणूस आहे. घाबरेल."

त्यांनी आपली गाडी मागे सुरक्षित अंतरावर उभी केली, हँडब्रेक लावला, आणि शिकवायला सुरुवात केली. आधी न्यूट्रल. नाही, ते नाही, ते. मग क्लच. सूनबाईने सगळं मन लावून ऐकलं आणि सगळं चुकीचं केलं. गाडी चार बोटं पुढे आली, तीन मागे गेली. पावणेसहाला ती पुन्हा पहिल्यासारखी आडवी होती. दारात हळूहळू माणसं जमली होती. डॉक्टर, पहिल्या मजल्यावरच्या काकू, सगळे. सेक्रेटरी तेवढे आपल्या कचेरीत, टेबलामागे, घड्याळासमोर बसून होते.

"बाई, किती वेळ अजून?" कंपनीचा माणूस कळवळून म्हणाला.

"पूर्ण माप घेणार मी," ती पडद्यावरून नजर न हलवता म्हणाली. "आमच्यात कमी चालत नाही."

सहा वाजून चार मिनिटांनी तिने विचारलं, "बाबा, रिव्हर्स कुठे असतो हो?"

"इतका वेळ विचारायचं नाही का?" आजोबा म्हणाले आणि दाखवला. तिची गाडी बिनचूक मागे सरकली आणि शहाण्यासारखी कडेला लागली. आजोबांनी आरसा बघितला, हात दाखवला, आणि रेघ ओलांडली. पाठोपाठ सूनबाईनेही.

कंपनीचा माणूस कुलूप तसंच हातात धरून, चावी घेऊन जवळपास धावतच सोसायटीच्या कचेरीत गेला. सगळी इमारत त्याच्यामागून गेली. सेक्रेटरींनी चावीकडे बघितलं, मग घड्याळाकडे, मग मापसाहेबांकडे. मापसाहेबांशी ते चार महिने बोलले नव्हते. त्यांचे शंभर शेअर मातीमोल झाले होते, आणि आता मनात आणलं तर सगळं उट्टं फेडता येत होतं.

"सहा वाजून नऊ मिनिटं," सेक्रेटरी म्हणाले. त्यांनी करार काढला, कलम अकरा मोठ्याने वाचलं, शेवटच्या टिंबापर्यंत, आणि चावी टेबलावरून बोटाने परत ढकलली. "अकरा महिने. आणि ते पायपुसणं तपकिरी नाहीये, तेही बघा."

माणसाने कंपनीला फोन लावला. पलीकडून बराच वेळ आरडाओरडा ऐकू आला. "भाडं भरायचंच आहे तर उघडं ठेवा म्हणतायत," तो शेवटी म्हणाला आणि कुलूप तिथेच टाकून निघून गेला.

"मापसाहेब," डॉक्टर हळूच म्हणाले, "पण भाडं कंपनीचं जाणार म्हणजे भागधारकांचंच नुकसान नाही का? तुमचं आणि सेक्रेटरींचं?"

"होऊ दे!" दोघे एकदम म्हणाले, आणि चार महिन्यांनी एकमेकांकडे बघून हसले. मग डॉक्टर खाली गेले आणि त्यांनी एक डबी विकत घेतली. त्यांच्याकडे ती लावायला मशीन नव्हतं.

मापसाहेब दुकानात परत आले तेव्हा बाई खोकी उघडत होती. रडत होती आणि नाक पुसत उघडत होती. कोपऱ्यात आजोबा अजून खुर्चीतच बसले होते, पडद्याकडे टक लावून. पडद्यावर आकडा होता आठ. खाली, नवव्या जागी, सूनबाईची गाडी.

"आठवा," आजोबा म्हणाले. "अरे, मी शेवटचा नाही आलो."

मापसाहेबांनी वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला.

आजोबांनी डोळे पुसले, उठले, शर्ट नीट केला आणि सुनेकडे वळले. "तुझा क्लच फार कच्चा आहे. उद्या साडेतीनला ये. वेळेवर ये, मी थांबणार नाही."